ऑफिस टाइमचा गालिचा मधून विरळ होतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: उन्हातल्या एका वाफ्यात ऑफिस टाइमची रोपे लावली, पहिले काही महिने ती जमिनीलगत दाट पसरली आणि रोज सकाळी फुलांनी भरून जात होती. आता वाफ्याचा मधला भाग उघडा पडला आहे, फांद्या लांब आणि खालून बोडक्या झाल्या आहेत, फुले केवळ कडेच्या टोकांवर दिसतात, आणि पाणी व खत वाढवल्यावर सुधारणा होण्याऐवजी काही फांद्या बुडाशी काळ्या पडून कोलमडल्या. ही रोपे सावरता येतील का, आणि पुढची लागवड कशी करावी?

सावरता येतील, परंतु त्यासाठी सर्वांत आधी पाणी आणि खत दोन्ही थांबवावे लागेल. आपल्या वाफ्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडत आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्यामुळे उपाय उलटा पडला आहे. मधला भाग उघडा पडणे हे या झाडाच्या वयाचे लक्षण आहे, तर बुडाशी काळे पडणे ही खोडकूज आहे. पहिल्या गोष्टीवर पाणी घातल्याने काही साधत नाही, आणि दुसरी तर पाण्यानेच वाढते.

ऑफिस टाइम म्हणजे पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा ही मूळची दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझील या भागांतील वनस्पती आहे. विल्यम जॅक्सन हूकर यांनी 1829 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. भाजीची घोळ याच पोर्टुलाका प्रजातीतील (जवळच्या जातींच्या याच गटातील), म्हणजे तिची सख्खी नातेवाईक. झाड 10 ते 20 सेंटिमीटरपेक्षा फारसे उंच होत नाही. ते आडवे पसरते, दंडगोल मांसल पानांत पाणी साठवते आणि जमिनीच्या वरच्या थरातच तंतुमय मुळे पसरवते. ते स्वभावतः अल्पायुषी आहे. थंडी कडक असेल तर एका हंगामात संपते. थंडी सौम्य असेल तर अधिक काळ टिकते, परंतु जुन्या खोडावर पुन्हा पहिल्यासारखी दाटी येत नाही. त्यामुळे हा गालिचा एकदा लावून वर्षानुवर्षे पाहत राहण्याचा नसतो. त्याच झाडाच्या फांद्या लावून तो सतत नवा करत राहावा लागतो, आणि हे काम इतके सोपे आहे की त्यालाच मुख्य निगा मानावे, असे माझे ठाम मत आहे.

फुले टोकांवरच का येतात, हे समजले की छाटणीचे महत्त्व आपोआप पटते. या झाडाची कळी फांदीच्या शेंड्यावर, पानांच्या दाट घेरात येते. शेंडे जितके, तितक्या फुलण्याच्या जागा. फांदी न खुडता वाढू दिली तर ती लांबत जाते, तिचा शेंडा वाफ्याच्या कडेला पोहोचतो, मागच्या पेरांवरची पाने सावलीत येऊन गळतात आणि मध्ये नुसत्या दोऱ्या उरतात. शेंडा खुडला की त्याखालच्या पेरांतून दोन-तीन नव्या फांद्या निघतात आणि फुलण्याच्या जागा तितक्याच वाढतात. आपल्या वाफ्यात फुले कमी झालेली नसून शेंडे कमी झाले आहेत.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. पाणी थांबवून माती वरचे चार-पाच सेंटिमीटर कोरडी होऊ द्यावी. त्यानंतर प्रत्येक रोपाचा बुंधा बोटांनी चाचपून पाहावा. जो बुंधा मऊ, काळपट किंवा पाणीदार लागेल ते रोप मुळांसकट आणि भोवतालच्या मूठभर मातीसकट काढून टाकावे. त्याला वाचवण्याचा प्रयत्न करू नये. मात्र त्याच्या फांद्यांची टोके हिरवी, टणक आणि कापल्यावर आतून स्वच्छ दिसत असतील तर ती जरूर ठेवावीत, कारण कूज खालून वर चढत जाते आणि टोकाचा भाग बहुतेक वेळा निरोगी असतो. कात्री प्रत्येक रोगट रोपानंतर पुसून निर्जंतुक करून घ्यावी. जी रोपे बुडाशी टणक आहेत त्यांच्या फांद्या साधारण अर्ध्या उंचीवर छाटाव्यात. प्रत्येक फांदीवर थोडी तरी हिरवी पाने राहतील याची काळजी घ्यावी, कारण पूर्ण बोडक्या जुन्या खोडाला नवी फूट येईलच असे नाही. छाटल्यावर दोन-तीन दिवस पाणी देऊ नये.

छाटलेला भाग म्हणजे आपले नवे रोपवन आहे. त्यातून 5 ते 8 सेंटिमीटर लांबीचे, शक्यतो कळी नसलेले तुकडे निवडावेत, खालच्या निम्म्या भागातील पाने काढावीत आणि तुकडे काही तास, हवा दमट असेल तर दिवसभर, सावलीत पसरून ठेवावेत. कापलेल्या तोंडावर कोरडी पापडी धरली की मातीतील बुरशीला आत शिरायला वाट उरत नाही. नंतर वाफ्याच्या मोकळ्या जागेतच, एकमेकांपासून 15 ते 20 सेंटिमीटरवर, दोन पेरे मातीत जातील इतके खोचावेत. शेतकरी पिकात नांग्या भरतो, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागी नवे रोप लावतो, तेच हे काम आहे. लावल्यावर एकदा हलके पाणी द्यावे आणि पुढे माती केवळ ओलसर ठेवावी. उबदार दिवस असतील तर आठवड्या-दहा दिवसांत मुळे धरतात, आणि नवी पाने दिसू लागली की फांदी लागली असे समजावे. काही लांब फांद्या कापायच्याच नसतील तर त्या मोकळ्या जागेवर आडव्या लोळवून पेरांवर चाळलेली माती पसरावी. दबलेल्या पेरांना तिथेच मुळे फुटतात. ही पद्धत थोडी सावकाश चालते, पण उघडी जागा लवकर झाकली जाते.

पाण्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण या झाडाचे बहुतेक मृत्यू तहानेने होत नाहीत. पानांतला साठा आणि प्रकाशसंश्लेषणाची एक विशेष सोय यांमुळे ते कोरडेपणा सहज सोसते. पाणी पुरेसे असताना ते मक्यासारख्या गवतांत आढळणाऱ्या कार्यक्षम पद्धतीने दिवसा कर्बवायू घेते, आणि टंचाई झाली की निवडुंगासारख्या वनस्पतींच्या पद्धतीचाही आधार घेते, ज्यात बाष्प कमी उडावे म्हणून कर्बवायू रात्री धरून ठेवला जातो. एकाच वनस्पतीत या दोन्ही पद्धती असणे दुर्मीळ आहे आणि पोर्टुलाका प्रजाती त्यासाठी अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. परंतु तगून राहणे वेगळे आणि फुलणे वेगळे. दीर्घकाळ कोरडे ठेवलेले झाड मरत नाही, पण वाढ थांबवते, आणि वाढ थांबली की नवे शेंडे आणि नव्या कळ्या येत नाहीत. म्हणून पाणी द्यायचे तेव्हा मुळांच्या संपूर्ण थरापर्यंत पोहोचेल असे द्यावे आणि नंतर वरची तीन-चार सेंटिमीटर माती बोटाला कोरडी लागेपर्यंत थांबावे. रोज थोडे थोडे शिंपडणे सर्वांत वाईट, कारण त्याने बुंध्याजवळचा थर कायम ओला राहतो आणि मुळे वरच घुटमळतात.

तहान आणि अतिपाणी यांची लक्षणे घाईत पाहिली तर सारखी वाटतात. दोन्हींत झाड मलूल दिसते. तहानलेल्या झाडाची पाने बारीक, सुरकुतलेली आणि निस्तेज होतात, पण फांदी वाकवली तर चिवट लागते आणि पाणी मिळाल्यावर साधारण एका दिवसात पाने पुन्हा भरतात. अतिपाण्याने पाने पिवळसर, पारदर्शक होतात, हात लागताच गळतात, आणि माती ओली असूनही झाड सुकल्यासारखे दिसते, कारण मुळेच निकामी झालेली असतात. पिथियम, फायटोफ्थोरा आणि रायझोक्टोनिया या मातीतील रोगकारकांना अशी साचलेली ओल मानवते. आपण मलूल रोपांना पाहून पाणी वाढवलेत, तेव्हा बहुधा हेच घडले. मलूल झाड दिसले की आधी मातीत बोट घालावे आणि मगच झारी उचलावी.

नव्या जागेची निवड करताना ऊन ही पहिली अट आहे. किमान सहा तास, शक्य असल्यास आठ तास थेट ऊन हवे. फूल उमलण्यासाठी प्रखर उजेड आणि ऊब दोन्ही लागतात. ढगाळ किंवा गार सकाळी फुले उशिरा उमलतात किंवा मिटलेलीच राहतात, आणि दुपारनंतर मिटणे हा बहुतेक जुन्या वाणांचा नैसर्गिक क्रम आहे. प्रत्येक फूल साधारण एक दिवस टिकते, पण दुसऱ्या दिवशी नवे उमलत असल्याने खंड जाणवत नाही. जिथे केवळ दुपारनंतर ऊन येते अशा जागी झाड जगेल, मात्र त्याची फुले पाहायला मिळणार नाहीत. तिथे दुसरे झाड लावावे, हा सल्ला मी नेहमी स्पष्टपणे देतो. कमी उजेडातल्या झाडाची पेरे लांबतात, पाने विरळ होतात, आणि हा दोष कोणत्याही खताने भरून निघत नाही.

दुसरी अट निचऱ्याची. वाळूमिश्रित, भुसभुशीत, फार सुपीक नसलेली माती सर्वांत चांगली. सामू (मातीची आम्लता दाखवणारा pH) 5.5 ते 7 च्या दरम्यान असला की पुरे, त्यात फार बारकाईने पडण्याची गरज नाही. माती चिकण असेल तर तिच्यात मूठ-दोन मुठी वाळू मिसळण्याचा मोह टाळावा. थोड्या वाळूने चिकणमाती मोकळी होण्याऐवजी अधिक घट्ट बसते. त्यापेक्षा 10 ते 15 सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा, त्यात माती, जाडी वाळू आणि पूर्ण कुजलेले सेंद्रिय खत साधारण दोनास एकास एक या प्रमाणात घ्यावे आणि वाफ्याचा माथा मध्ये किंचित उंच ठेवावा, म्हणजे सलग पावसातही पाणी बुंध्याशी थांबत नाही. मुळे उथळ असल्याने कुंडीही उथळ चालते. 15 सेंटिमीटर खोली पुरते आणि रुंद कुंडी उंच कुंडीपेक्षा बरी, कारण उंच कुंडीच्या तळाशी मुळे न पोहोचलेली ओली माती राहते. दगडी बांधाच्या फटी, पायवाटेच्या कडा, उतारावरील कोरडे तुकडे या जागा या झाडाला फार शोभतात. मात्र हिरवळीऐवजी चालण्याच्या जागी ते लावू नये. मांसल फांद्या पायाखाली चिरडतात आणि चिरडलेल्या जागीच कूज सुरू होते. तसेच उथळ मुळांमुळे ते मातीचा वरचा थर काही प्रमाणात धरते, परंतु खचणारा उतार त्याच्या भरवशावर सोडता येत नाही.

खताबाबत हात आखडताच हवा. लागवडीच्या वेळी मिसळलेले कुजलेले खत बहुतेक हंगामभर पुरते. नत्र (नायट्रोजन) जास्त झाले की झाड गर्द हिरवे, फुगीर आणि लुसलुशीत होते, कळ्या कमी धरते आणि अशी मऊ वाढ रोगाला लवकर बळी पडते. आपल्या वाफ्यात खत घातल्यावर पाने वाढून फुले घटली असतील तर कारण हेच. कुंडीतील झाडाला, जिथे प्रत्येक पाण्याबरोबर अन्नद्रव्ये वाहून जातात, महिन्यातून एकदा पालाश (पोटॅश) अधिक आणि नत्र कमी असलेले द्रवखत निम्म्या तीव्रतेने द्यावे. जमिनीतील झाडाला मोठ्या छाटणीनंतर चाळलेल्या गांडूळखताचा पातळ थर पुरेसा होतो, आणि तोही बुंध्याला चिकटू न देता.

छाटणी दोन प्रकारची ठेवावी. नवी रोपे सात-आठ सेंटिमीटरची झाली की शेंडे खुडावेत; पहिली फुले दोन-तीन आठवडे उशिरा येतील, पण दाटी मिळेल. पुढे बहर ओसरल्यावर दर वेळी वाफ्याचा एक तृतीयांश भाग छाटावा आणि उरलेला फुलू द्यावा. पुढच्या वेळी दुसरा भाग. अशा पाळीपाळीच्या छाटणीने संपूर्ण वाफा एकदम बोडका दिसत नाही, आणि लावण्यासाठी ताज्या फांद्या हाताशी राहतात. सुकलेली फुले खुडायची की नाही, हे फुलांच्या प्रकारावर ठरवावे. एकेरी फुले स्वतःच मिटून गळतात. भरगच्च पाकळ्यांची दुहेरी फुले मात्र ओल्या हवेत लिबलिबीत होऊन पानांना चिकटतात आणि त्यांवर करडी बुरशी येते, म्हणून पावसाच्या दिवसांत ती काढण्याचे कष्ट घ्यावेत.

बियांपासून लागवड करायची असेल तर बी फार बारीक असते हे लक्षात ठेवावे. ते बारीक कोरड्या वाळूत मिसळून विखरावे, हलके दाबावे, पण मातीने झाकू नये, कारण उगवणीसाठी त्याला उजेड लागतो. पाणी फवाऱ्यानेच द्यावे. 20 ते 30 अंश सेल्सिअस तापमानात एक ते दोन आठवड्यांत उगवण होते आणि पेरणीपासून साधारण सहा ते आठ आठवड्यांत फुले येऊ लागतात. दाट उगवलेल्या रोपांची विरळणी वेळेवर करावी, नाहीतर रोपे बुडाशी कोलमडतात. स्वतःचे बी धरायचे असेल तर फुलामागची बोंडी पिवळसर होऊन तिचे झाकण सैल होऊ लागले की ती काढावी. झाकण एकदा उडाले की आतील चमकदार करडे बी वाऱ्याने विखुरते. या झाडाच्या फुलावर सकाळी मधमाश्या भरपूर येतात, आणि कीटकाचा स्पर्श होताच फुलातील पुंकेसर वळतात, हे जवळून पाहण्यासारखे आहे. वेगवेगळ्या रंगांची झाडे शेजारी असतील तर बियांतून मिश्र रंग निघतात, आणि दुहेरी फुलांच्या बियांतून एकेरी झाडेही निघतात. आवडलेला रंग किंवा प्रकार जसाच्या तसा हवा असेल तर फांदीच लावावी.

रंगांवरून एक सावधगिरी सुचवतो. या फुलांतील रंगद्रव्ये बीटाच्या रंगाच्या गटातील, म्हणजे बीटालेन प्रकारची असतात. त्यांतून पिवळा, केशरी, लाल, गुलाबी, जांभळट गुलाबी असे रंग येतात आणि रंगद्रव्य नसल्यास पांढरा. खरा निळा रंग त्यांतून येत नाही. निळ्या फुलांचे चित्र छापलेले बियांचे पाकीट घेऊ नये. रोपे विकत घेताना पान पाहावे. दंडगोल, टोकदार पान आणि पेरांजवळ पांढऱ्या केसांचा झुबका असेल तर ते ग्रँडिफ्लोरा. चपट्या, रुंद पानांची, लोंबत्या कुंड्यांत विकली जाणारी मोठ्या एकेरी फुलांची रोपे बहुधा पोर्टुलाका अम्ब्राटिकोला या दुसऱ्या जातीची असतात. त्यांची निगा जवळजवळ हीच आहे, आणि ती वेगाने पसरत असल्यामुळे मोठे क्षेत्र झाकायचे असेल तर मी त्यांना पसंती देतो. जवळून पाहण्याच्या लहान वाफ्यासाठी मात्र ग्रँडिफ्लोराच्या दुहेरी फुलांना तोड नाही.

मोकळ्या जागेत तण म्हणून घोळ हमखास उगवते. तिची पाने चपटी व टोकाला रुंद असतात, फुले लहान पिवळी असतात, आणि लहानपणी ती ऑफिस टाइमच्या गर्दीत सहज लपते. ती फुलण्याआधीच मुळासकट काढावी आणि वाफ्यावर पडू देऊ नये. उपटलेल्या घोळीचे तुकडे ओल मिळताच पुन्हा मुळे धरतात आणि अर्धवट तयार बोंड्यांतील बी उपटल्यानंतरही पिकते. शिवाय पानांवर पांढरे फोड आणणारा पांढरा तांबेरा दोघींनाही होतो, आणि घोळ त्याला आसरा देते. असे फोड दिसल्यास रोगट फांद्या काढून दूर टाकाव्यात आणि पाणी पानांवर न देता मातीत द्यावे. किडींपैकी पिठ्या ढेकूण पेरांतील केसांत लपतो, त्यामुळे त्याचा पांढरा कापूस सुरुवातीला लक्षात येत नाही. फांद्या उलटून पाहिल्याखेरीज तो सापडत नाही. थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार धारेने धुवावा आणि सौम्य साबणपाणी सायंकाळी फवारावे; बराच पसरला असेल तर ती फांदीच कापणे अधिक परवडते. गोगलगायी आणि मावा हे ओलसर, दाट वाफ्यातच त्रास देतात, आणि पाळीपाळीने छाटणी चालू असेल तर त्यांचे प्रमाण आपोआप कमी राहते.

घरात कुत्रे किंवा मांजर असेल तर एक काळजी घ्यावी. या प्रजातीत ऑक्झलेट नावाचे पाण्यात विरघळणारे द्रव्य असते आणि जनावरांनी मोठ्या प्रमाणात खाल्ल्यास ते अपायकारक ठरते, म्हणून छाटलेल्या फांद्यांचे ढीग त्यांच्या वाटेत ठेवू नयेत.

दंव पडणाऱ्या प्रदेशात मूळ झाडे वाचवण्याचा खटाटोप करण्यात अर्थ नाही. थंडी सुरू होण्याच्या महिनाभर आधी आवडत्या प्रकारांच्या चार-सहा फांद्या एका उथळ कुंडीत लावाव्यात, त्या सर्वाधिक उजेडाच्या खिडकीत ठेवाव्यात आणि पाने सुरकुतायला लागल्यावरच थोडे पाणी द्यावे. या काळात त्या फुलल्या नाहीत तरी चिंता करू नये, खतही देऊ नये. रात्रीचे तापमान 15 अंशांच्या वर स्थिरावले की त्यांचे शेंडे कापून नव्या वाफ्यात लावता येतात. एका कुंडीतून निघालेल्या फांद्या आणि त्यांच्या पुढच्या खुडणीतून मिळालेल्या फांद्या मिळून चौरस मीटरभर जागा त्याच हंगामात झाकून टाकतात.